अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप देऊन रिलीफ पिचर घेणे: हा सौदा कसा तोलावा?

आपला प्रश्न मी नीट वाचला. जुलै २०२५ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकी बेसबॉलमधल्या सॅन डिएगो पाड्रेसने लिओ डी व्रीस हा अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (सेकंड व थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि त्याच्यासोबत तीन पिचर (चेंडू टाकणारे) ॲथलेटिक्स या संघाला दिले, आणि बदल्यात मेसन मिलर हा रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्येच येऊन थोडा वेळ चेंडू टाकणारा) व जे. पी. सिअर्स हा डावखुरा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) घेतला. त्या दिवसापासून आपल्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे असे की, पुढची दहा-बारा वर्षे रोज खेळू शकेल असा मुलगा संघाने रोज जेमतेम एक इनिंग (सामन्याच्या नऊ डावांतला एक) टाकणाऱ्या माणसासाठी घालवला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, १९६९ पासून खेळूनही ज्या संघाने एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकलेली नाही, त्याने मायनर लीगमधली (खालच्या पातळीवरच्या संघांतली) मुले सांभाळत बसू नये. यांत बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

मी गेली तेरा वर्षे अमेरिकेतील एका मायनर लीग संघात पिचिंगच्या नोंदी ठेवण्याचे आणि त्यांच्या विश्लेषणाचे काम करतो. सौदा करायचा की नाही, हे माझ्या हातात नसते, पण जुलै लागला की वरून विचारणा सुरू होते, "अमुक मुलगा मागताहेत, तुमचे मत आज संध्याकाळपर्यंत कळवा." त्या अनुभवावरून सांगतो की, मिलर चांगला की डी व्रीस चांगला असा प्रश्न मांडला तर वाद कधीच मिटणार नाही, कारण ही दोन वेगळ्या मापांनी मोजायची माणसे आहेत. खरे प्रश्न तीन आहेत: हा पिचर नेमक्या कोणत्या इनिंगसाठी घेतला, तो किती वर्षे आपल्याकडे राहणार, आणि त्या इनिंगपर्यंत संघ पोहोचेल अशी बाकीची तयारी आहे का. यातले तिसरे उत्तर संघागणिक आणि वर्षागणिक बदलते, त्यामुळे "रिलीफ पिचरसाठी प्रॉस्पेक्ट (पुढे चमकेल अशी आशा असलेला तरुण खेळाडू) कधीच देऊ नये" हा सरसकट नियम मला मान्य नाही.

आधी इनिंगचा हिशेब घेऊ. १६२ सामन्यांत एका संघाला साधारण १,४५० इनिंग टाकाव्या लागतात. त्यांतल्या चांगल्या क्लोझरच्या (शेवटची इनिंग टाकून आघाडी राखणाऱ्या रिलीफ पिचरच्या) वाट्याला ६० ते ६५ येतात, म्हणजे शंभरातल्या चार-साडेचार. जुलैअखेर घेतलेल्या पिचरच्या वाट्याला तर नियमित हंगामातल्या वीस-पंचवीसच उरतात. आपला पहिला मित्र हा आकडा पाहून संतापला असेल तर त्यात नवल नाही. परंतु सगळ्या इनिंग सारख्या मोलाच्या नसतात. पाच धावांची आघाडी असताना टाकलेली नववी इनिंग आणि एका धावेची आघाडी, एक आउट, सेकंड व थर्ड बेसवर धावपटू अशा अवस्थेत टाकलेली आठवी इनिंग, या दोहोंची नोंद कागदावर सारखीच होते. सामन्यावरचा परिणाम मात्र कित्येक पटींनी वेगळा असतो. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नकोच, कारण विसाव्या षटकात सहा धावा राखणाऱ्याचे मोल आपण त्याच्या एकूण षटकांवरून ठरवत नाही.

ऑक्टोबरमध्ये तर हे गणित आणखी पालटते. प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) मधूनमधून सुटीचे दिवस असतात, पुढच्या महिन्यासाठी हात राखून ठेवण्याचे कारण नसते, आणि मॅनेजर आपल्या सर्वांत भरवशाच्या माणसाला सहाव्या इनिंगलाही बोलावू शकतो. २०१६ मध्ये क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलर या रिलीफ पिचरला (हा मेसनहून वेगळा) याच पद्धतीने वापरले. त्या प्लेऑफमधल्या संघाच्या १५ सामन्यांत त्याने एकट्याने १९⅓ इनिंग टाकून ३० स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे तीन स्ट्राइकवर ३० फलंदाज बाद केले), म्हणजे नियमित हंगामात ज्याचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास असतो त्याने संघाच्या जवळजवळ एक सप्तमांश इनिंग उचलल्या. क्लब किंमत देतो ती याच इनिंगची.

आता वर्षांचा हिशेब, जो माझ्या मते आपल्या मित्रांच्या वादात पूर्ण निसटला आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यानंतर सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत क्लबच्या ताब्यात राहतो. सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरतात. पहिली साधारण तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात (२०२५ मध्ये हे किमान वेतन ७,६०,००० डॉलर होते), पुढची तीन वर्षे लवादाच्या पद्धतीने पगार ठरतो, आणि त्यानंतर तो मोकळा होतो. सौद्याच्या वेळी डी व्रीसची सहा वर्षे सुरूही झालेली नव्हती. ॲथलेटिक्ससारख्या हात राखून खर्च करणाऱ्या क्लबला त्याचे आकर्षण वाटले ते या स्वस्त वर्षांमुळे. पण मेसन मिलरच्या बाबतीतही क्लबचा ताबा २०२९ पर्यंत आहे. म्हणजे पाड्रेसने तीन महिन्यांचा पाहुणा घेतलेला नाही. २०२५ धरून पाच ऑक्टोबर घेतले आहेत. हंगामाअखेर निघून जाणारा पिचर आणि हा पिचर यांना एकाच पंक्तीला बसवणे चूक ठरेल.

फरक किती मोठा असतो, हे पाहण्यासाठी १९९० चे उदाहरण घ्या, कारण आपल्या पहिल्या मित्राच्या मनात कळत-नकळत तेच असणार. त्या ऑगस्टच्या अखेरीस बोस्टन रेड सॉक्स डिव्हिजनमध्ये आघाडीवर होते आणि त्यांना बुलपेनमध्ये (रिलीफ पिचरांच्या ताफ्यात) एक अनुभवी हात हवा होता. ह्यूस्टनकडून त्यांनी ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला आणि न्यू ब्रिटनच्या डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघातला थर्ड बेसमन जेफ बॅगवेल देऊन टाकला. अँडरसनने आपले काम चोख केले: १५ सामने, २२ इनिंग, १.२३ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा; कमी तितका चांगला). बोस्टनने टोरांटोपेक्षा दोन सामने पुढे राहून डिव्हिजन जिंकली, पुढच्या मालिकेत ओकलंडने त्यांना चारही सामन्यांत हरवले, आणि हंगाम संपल्यावर अँडरसन निघून गेला, तोही आपल्याच सॅन डिएगोत. बॅगवेल मात्र १९९१ चा सर्वोत्तम नवोदित ठरला, १९९४ चा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) ठरला, पंधरा हंगाम ह्यूस्टनसाठी खेळून त्याने ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हा सौदा वाईटच ठरला, याबद्दल दुमत नाही. पण त्याकडे त्या दिवशीच्या माहितीने पाहायला हवे. बॅगवेलची सरासरी .३३३ होती हे खरे, परंतु त्या संपूर्ण हंगामात न्यू ब्रिटनसाठी त्याचे होमरन होते चार. थर्ड बेसवर बोस्टनकडे वेड बॉग्ज होता आणि फर्स्ट बेससाठी मो वॉन तयार होत होता. त्याला जागा नव्हती हे कारण समजण्यासारखे आहे. चूक झाली ती २२ इनिंगसाठी सहा वर्षांचा हक्क देण्यात, आणि तोही आकड्यांत दिसणारी नजर व बॅटचा संपर्क यांना कमी लेखून. सिएटलने १९९७ मध्ये याहून घाईचे काम केले. त्यांचे बुलपेन गळत होते म्हणून ३१ जुलैच्या एकाच दिवशी त्यांनी रिलीफ पिचर मिळवण्यासाठी दोन सौदे केले. त्यांपैकी एकात जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो हे दोघे बोस्टनला गेले आणि बदल्यात आला हीथक्लिफ स्लोकम्ब, ज्याचा त्या वेळचा ईआरए सहाच्या जवळ होता. २००४ मध्ये बोस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा व्हॅरिटेक कॅचर होता, आणि त्या प्लेऑफमधल्या तिन्ही मालिकांचा निर्णायक विजय लोच्या नावावर लागला.

या दोन गोष्टी बेसबॉलच्या चाहत्यांना तोंडपाठ असतात, आणि नेमकी इथेच आपली स्मरणशक्ती आपल्याला फसवते. मी पाहिलेला एक जुलै सांगतो. आमचा सेंटरफिल्डर, बावीस वर्षांचा, त्या वर्षी आमच्या संघातला सर्वांत नावाजलेला मुलगा, पाचव्या इनिंगच्या मध्यावर मैदानातून परत बोलावला गेला. दुखापत नव्हती, म्हणून डगआउटमध्ये सगळ्यांना क्षणात उमगले. एकेक जण उठून त्याला मिठी मारू लागला. तो बॅटच्या रॅकपाशी गेला, स्वतःच्या तीन बॅट काढल्या, चौथी हातात घेऊन पाहिली आणि ती मित्राची आहे हे लक्षात येताच जागेवर ठेवली. सामना चालूच होता. सहाव्या इनिंगच्या अखेरीस मी काचेतून पाहिले तेव्हा तो पार्किंगमध्ये पाठीवर बॅग घेऊन फोनवर आईशी बोलत उभा होता. त्याच्या बदल्यात मोठ्या संघाला एक रिलीफ पिचर मिळाला, त्याने उरलेल्या हंगामात एकवीस इनिंग बऱ्यापैकी टाकल्या. तो मुलगा मेजर लीगमध्ये कधी पोहोचला नाही. गुडघा दुखावला, मग वेगवान चेंडूला बॅट उशिरा येऊ लागली, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. हा सौदा कुणाच्याही लक्षात नाही. असे न आठवणारे सौदे बॅगवेलच्या सौद्यापेक्षा कितीतरी अधिक होतात. अँड्र्यू मिलरसाठी क्लीव्हलँडने दिलेल्या चार जणांत क्लिंट फ्रेझर हे मोठे नाव होते. त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पुऱ्या झाल्या नाहीत.

म्हणून प्रॉस्पेक्टची किंमत ठरवताना मी यादीतला त्याचा क्रमांक शेवटी पाहतो. सौद्याच्या वेळी डी व्रीसला एका नामांकित क्रमवारीत तिसरे स्थान होते, ही मोठी गोष्ट आहेच, परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की अठराव्या वर्षी तो हाय-ए पातळीवर (डबल-एच्या एक पायरी खाली), स्वतःपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या पिचरांपुढे उभा राहत होता आणि वाईट चेंडू सोडत होता. या वयात चेंडू सोडता येणे ही शिकवून सहजासहजी न येणारी गोष्ट आहे. त्याचबरोबर, अठरा वर्षांचा मुलगा मेजर लीगपासून अजून तीन पायऱ्या दूर असतो, त्याचे शरीर भरायचे असते, शॉर्टस्टॉपवरून त्याला दुसऱ्या जागी हलवावे लागू शकते. जो क्लब आज लढतो आहे त्याच्यासाठी हा मुलगा २०२७ च्या आधी फारसे काही करेल असे धरून चालणे धाडसाचे ठरले असते.

पिचरच्या बाजूची जोखीम मात्र याहूनही मोठी असते, आणि इथे मी स्वतःची एक चूक सांगतो. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक रिलीफ पिचर होता, ३१ इनिंगमध्ये त्याचा ईआरए एकच्याही खाली होता, आणि मी त्याच्याविषयी फार चांगला अहवाल दिला. पुढच्या वर्षी त्याने इतके वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) दिले की जूनमध्ये त्याला खालच्या पातळीवर पाठवावे लागले. मी धावा मोजल्या होत्या, चेंडू पाहिले नव्हते. तीस-चाळीस इनिंगमध्ये चेंडू फिल्डरच्या हातात जाणे किंवा दोन फूट बाजूने जाणे एवढ्यावर ईआरए दीड-दोनने हलतो. तेव्हापासून मी आधी स्ट्राइकआउट आणि वॉक यांतले अंतर पाहतो, मग वेग, आणि मग चेंडू हातातून सुटण्याची उंची. गेल्या ऑगस्टमध्ये आमचा एक पिचर लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला. पहिले पंधरा चेंडू पडद्यावर एकाच ठिपक्यात सुटत होते, सोळाव्यापासून ती उंची दोन इंच खाली आली, स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) सपाट झाला आणि एकोणिसावा चेंडू भिंतीपलीकडे गेला. वेग तोवर तसूभरही कमी झाला नव्हता. हात दमल्याची वर्दी आधी त्या उंचीत मिळते.

मेसन मिलरचा चेंडू ताशी १०० मैलांच्या वर सहज जातो. तो २०२३ मध्ये स्टार्टर म्हणूनच मेजर लीगमध्ये आला होता. त्याच वर्षी कोपराला दुखापत झाली आणि नंतर त्याला रिलीफमध्ये आणले गेले. २०२९ पर्यंतचा ताबा म्हणजे २०२९ पर्यंतचे आरोग्य, असा अर्थ कुणी घेऊ नये. कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली तर एक पूर्ण हंगाम हातचा जातो, कधी दीड. मी पाच ऑक्टोबरचा हिशेब करतो तेव्हा मनाशी तीन किंवा फार तर साडेतीनच धरतो.

सौदा झाल्यावर काय घडले, तेही पाहू. मिलरने पाड्रेससाठी नियमित हंगामात २३⅓ इनिंग टाकल्या, ईआरए ०.७७. शिकागो कब्जविरुद्धच्या वाइल्ड कार्ड मालिकेत (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत) त्याचा एक चेंडू ताशी १०४.५ मैल वेगाने गेला. आणि तरीही पाड्रेस ती मालिका हरले, कारण तीन सामन्यांत मिळून त्यांच्या फलंदाजांनी पाच धावा केल्या आणि निर्णायक सामन्यात स्टार्टर यू दारविश दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला. घेतलेल्या माणसाने आपले काम केले. हरलेल्या दोन सामन्यांत त्याच्याकडे आघाडी सोपवणारे कुणी नव्हते.

माझा तिसरा प्रश्न इथेच लागू होतो. पाड्रेसचे बुलपेन जुलैमध्येच लीगमधील उत्तम बुलपेनांत गणले जात होते. उणीव फलंदाजीत होती आणि स्टार्टरांच्या आरोग्यात होती. त्यांनी त्याच दिवसांत रायन ओहर्न आणि रमोन लॉरेआनो हे फलंदाज घेतले हे खरे, परंतु संघाकडे असलेले सर्वांत मौल्यवान नाणे त्यांनी आधीच भक्कम असलेल्या जागी खर्च केले. याची दुसरी बाजू अशी की, १ सप्टेंबरला त्यांच्या जेसन ॲडम या रिलीफ पिचरच्या मांडीला गंभीर इजा होऊन त्याचा हंगाम संपला, तेव्हा मिलर नसता तर हे भक्कम बुलपेन किती दिवस टिकले असते, हा प्रश्न रास्त आहे. बुलपेन जुलैमध्ये दिसते तसे ऑक्टोबरमध्ये नसते.

आपला दुसरा मित्र कब्जचे उदाहरण देईल, तर तेही नीट समजून घ्यावे. २०१६ मध्ये कब्जने तीन महिन्यांसाठी अरोल्डिस चॅपमन घेतला आणि यांकीजला ग्लेबर टोरेससह चार खेळाडू दिले. १०८ वर्षांनी ते वर्ल्ड सिरीज जिंकले. पाचव्या सामन्यात चॅपमनने शेवटचे आठ आउट घेतले आणि मालिका जिवंत ठेवली. सहाव्या सामन्यात पाच धावांची आघाडी असतानाही त्याला सातव्या इनिंगलाच आणले गेले, आणि सातव्या सामन्यात दमलेल्या हाताने टाकलेल्या चेंडूवर राजाई डेव्हिसने बरोबरी साधणारा होमरन मारला. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये ८-७ ने जिंकले म्हणून तो होमरन आज केवळ आठवण म्हणून उरला आहे. डिसेंबरमध्ये चॅपमन पुन्हा यांकीजकडेच गेला आणि टोरेस २०१८ व २०१९ मध्ये ऑल-स्टार झाला. तरीही एकही कब्ज चाहता हा सौदा परत फिरवायला तयार होणार नाही, आणि मीही त्यांच्याच बाजूने आहे. मात्र त्या संघाने १०३ सामने जिंकले होते. त्यांच्याकडे स्टार्टर होते, फलंदाज होते, आणि उणीव नेमकी शेवटच्या सहा आउटची होती. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सने याच चॅपमनसाठी कोल रेगन्स दिला, ज्याच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली होती. रेंजर्सने त्या वर्षी आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली आणि रेगन्स पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीसाठी ऑल-स्टार झाला. दोन्ही क्लबना हवे ते मिळाले. सौद्यात एक जण फसलाच पाहिजे असे नसते.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. मिलर २०२५ च्या अखेरीस मोकळा होणार असता तर हा सौदा करू नका असेच मी लिहून दिले असते, आणि या बाबतीत आपला पहिला मित्र बरोबर ठरला असता. पाच ऑक्टोबरचा हक्क आणि सोबत सिअर्स हे धरल्यावर किंमत जड आहे, पण अवाजवी नाही. माझा आक्षेप किमतीवर नसून क्रमावर आहे: डी व्रीस एकदाच देता येतो, आणि तो आधी मधल्या फळीतल्या फलंदाजासाठी किंवा अनेक वर्षे ताब्यात राहणाऱ्या स्टार्टरसाठी पुढे करून पाहायला हवा होता. तशी मागणी समोरून आलीच नसेल, तर मग बाजारात जे आहे त्यातले सर्वोत्तम घेणे योग्य, आणि रिलीफ पिचरांमध्ये याहून चांगले काही त्या दिवशी उपलब्ध नव्हते. त्या आठवड्यात कोणते फोन आले आणि कोणते आले नाहीत यावर बरेच अवलंबून आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

आपल्याला हा वाद पुढे चालवायचा असेल तर विजय-पराजयाऐवजी दोन गोष्टींची वही ठेवा. मिलर लागोपाठ दुसऱ्या दिवशी येईल तेव्हा त्याचे वॉक किती होतात ते लिहा; पहिल्या दिवशीचे आकडे सोडून द्या, ते चांगलेच असतील. आणि डी व्रीस डबल-ए व ट्रिपल-ए मध्ये खेळेल तेव्हा त्याच्या सरासरीपेक्षा दर शंभर खेळींतले त्याचे वॉक आणि स्ट्राइकआउट शेजारी-शेजारी मांडा. वरच्या पातळीवरही तो चेंडू सोडत राहिला, तर २०२७ च्या उन्हाळ्यात आपल्या पहिल्या मित्राची बाजू आजच्यापेक्षा पुष्कळ भारी झालेली असेल.